शेवटचा घोट

"हात का सोडलास?"

लता आपला तळवा पँटला घासून घासून पुसत होती, जणू मी तिच्या हातात शेण ठेवलं होतं. साखळीत आम्ही दोघी शेजारी. कबड्डीत बचाव करताना दोघी-दोघींनी हात धरून उभं राहायचं, तीच साखळी. तो हात ऐन वेळी सुटला की चढाईवाली मधून निसटलीच म्हणून समजा. मालनाक्का तशीच निसटली, मध्यरेषेपलीकडे गेली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "काय चाललंय गं तुमचं? हात धराय येत न्हाई व्हय?"

"मी धरला होता," मी म्हटलं. "हिनं सोडला."

"मग काय करू?" लता फुटलीच. "हिच्या हातावर बघा की काय आलंय. पाठीवर बी हाय. कपडे बदलताना बघितलंय मी. मला लागलं तर?"

झालं. सराव थांबला, सगळ्या भोवती गोळा झाल्या. मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. मी दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या आणि म्हटलं, "बघा. एकदाच नीट बघून घ्या. मागनं कुजबुजू नका."

दंडावर, कोपराच्या आत, मानेखाली लाल ठिपके. मसूर डाळीएवढे, वर पांढरट कोंडा. चार दिवसांपूर्वी पाच-सहा होते, आता मोजायची सोय राहिली नव्हती. खाज थोडी यायची, दुखत काहीच नव्हतं. पण पोरी अशा मागं सरकल्या की माझ्याभोवती मैदानात गोल रिंगण पडलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, संक्रांतीच्या तोंडावरची. मी वैजयंता खोत, तेव्हा एकोणीस वर्षांची, वारणाकाठच्या आमच्या माळेवाडीच्या महिला संघातली पहिली चढाईवाली. मार्चमध्ये तालुक्याला सामना होता, तिथून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. वर्षभर मी दुसरं काही मनात आणलं नव्हतं. गाईची धार काढताना दम घुमवायची, दळण नेताना घुमवायची. कबड्डी, कबड्डी, एका श्वासात गिरणीपासून चावडीपर्यंत. आणि आता कोणी माझा हात धरायला तयार नव्हतं.

मालनाक्का पुढं आली. आमची कप्तान. सव्वीस वर्षांची, नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली, गावात कुणाच्या बापाला न भिणारी. तिने लताला खांद्याला धरून बाजूला केलं आणि माझ्या हातात आपला हात घातला. घट्ट.

"मी धरते. लता, तू जा चढाईला. चला, लागा खेळाय."

तेवढ्यासाठी मी तिच्यासाठी जीव दिला असता. आजही देईन. म्हणून तर पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

*

आमच्या संघाची एक रीत होती. दहा वर्षांपूर्वी, मालनाक्का सोळा वर्षांची असताना, आमच्या गावाने पहिली स्पर्धा जिंकली होती. त्यात मिळालेला चषक तांब्याएवढा, दोन कानांचा. हिंदुराव सर म्हणजे हायस्कूलचे पीटीचे मास्तर आणि आमचे मार्गदर्शक. त्यांनी तेव्हापासून पायंडा पाडला होता की प्रत्येक सामन्याआधी त्या चषकातून सगळ्यांनी काढा प्यायचा. आलं, ज्येष्ठमध, मिरी, लवंग, वर गूळ. दम घुमवताना घसा चिरकू नये म्हणून. काढा मालनाक्का स्वतः करायची. पहिला घोट कप्तानाचा, दुसरा चढाईवालीचा, मग बाकीच्या दहा जणींचा. आणि काठ पुसायचा नाही. काठ पुसला म्हणजे आधीच्या पोरीला तू आपली मानत नाहीस, असं सर म्हणायचे. आम्हाला ते ऐकून अंगावर काटा यायचा.

मालनाक्काचा आवाज बारा महिने बसलेला असायचा. घोगरा, खरखरीत. तिने दम घुमवला की समोरच्या पोरी दचकायच्या. घसा बसल्याशिवाय पोरगी कबड्डीत मुरत नाही, असं आम्ही समजायचो, आणि मला तर तिच्यासारखा आवाज पाहिजे होता.

जानेवारीच्या शेवटी वाळव्याकडे एक स्पर्धा होती. मैदानाच्या कडेला आम्ही गोल करून उभ्या राहिलो. मालनाक्काने पहिला घोट घेतला. मी हात पुढं केला, तशी पोरींत कुजबुज झाली. मालनाक्काने एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"वैजू, तू आज शेवटी घे."

"का?"

"पोरींच्या मनात किंतू नगो. खेळताना मन फाटलेलं बरं न्हाई. माझ्यासाठी घे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिने हात धरला होता ना! मी मागं सरकले. चषक सगळ्यांच्या तोंडाला लागून माझ्याकडं आला तेव्हा तळाला आल्याचा चोथा आणि दोन घोट राहिले होते. मी चोथ्यासकट प्यायले आणि मैदानात उतरून नऊ गुण आणले. त्या दिवसापासून माझी जागा शेवटची ठरली. सरावाला काढा झाला तरी.

स्पर्धेनंतर चार दिवसांनी मला सडकून ताप भरला, थुंकी गिळता येईना. आठवड्यात उतरला. पुढं दोन आठवडे गेले आणि ठिपके असे उठले की आधीचे काहीच नव्हेत. पोट, पाठ, मांड्या, डोक्यात केसांच्या मुळाशीसुद्धा.

गावाला विषय मिळाला. कोणी गजकर्ण म्हणालं, कोणी देवीचं काहीतरी राहिलंय म्हणालं. शेजारच्या काकूने बारशाचं बोलावणं केलं आणि दारातूनच आईला सांगितलं, "पोरीला नका हो आणू, लहान बाळ हाय." आई बिचारी कडुलिंबाचा पाला वाटून लेप लावायची. लावायची, पण चमच्याने. मी पाठ करून बसायचे आणि पाठीवर तो गार चमचा फिरायचा. त्या चमच्यावर मला जितकं रडू आलं तितकं गावाच्या बोलण्यावर आलं नाही.

मग एका गुरुवारी कोणाला न विचारता एसटीत बसले आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं गुरुवारी कातडीच्या डॉक्टर यायच्या. मुल्ला डॉक्टर. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तुटक. मी बाही वर केली. त्यांनी उघड्या हाताने, बिनदिक्कत, माझ्या दंडावरून बोटं फिरवली. एक ठिपका नखाने हलका खरवडून पाहिला. पाठीवर तळवा ठेवला. मला तिथंच हुंदका आला.

"दुखलं?"

"नाही. कुणी हात लावत नाही ना हल्ली."

त्यांनी हात लगेच काढला नाही. मग म्हणाल्या, "घसा कधी दुखला होता?"

"मी अंग दाखवायला आलेय, डॉक्टर. घसा नाही."

"अंग मला दिसतंय. घसा कधी दुखला होता?"

"आमचा रोजच दुखतो. कबड्डी खेळतो आम्ही. ओरडून ओरडून दुखतो."

"तसा नाही. ताप येऊन, गिळता येऊ नये असा."

मी आठवू लागले. "डिसेंबरात एकदा, स्पर्धेनंतर. आणि परत जानेवारीच्या शेवटी. तेव्हा पण स्पर्धाच होती."

"आणि ठिपके?"

"दोन्ही वेळा नंतर. दोन-तीन आठवड्यांनी."

बोलता बोलता मीच थांबले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आ कर."

बॅटरीचा उजेड पाडून बराच वेळ आत पाहिलं, लांब काडीला गुंडाळलेल्या कापसाने घशातला नमुना घेतला. मला उमासा आला. मग त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"ह्याला सोरायसिस म्हणतात. त्यातला हा थेंबांसारखा प्रकार. घरात कुणाला होता?"

"आजोबांच्या कोपरांवर खवले होते."

"बरोबर. आता ऐक. घशात एक जंतू शिरला. त्याला हुसकायला तुझं शरीर धावलं. तुमच्या खेळात चढाई करणारी आत आली की तुम्ही तिला धरता, हो ना? समजा धुरळ्यात तुम्ही आपल्याच पोरीला धरून आपटलं. तसं झालंय. जंतू होता घशात, आणि तुझं शरीर स्वतःच्याच कातडीशी भांडतंय. सगळ्यांचं असं होत नाही. तुझ्यासारख्या काही जणींचं होतं."

"हे दुसऱ्याला लागतं?"

"ठिपके? अजिबात नाही. तू कुणाच्या गळ्यात पड, कुणाच्या ताटात जेव. लागतो तो घशातला जंतू. खोकल्यातून, उष्ट्यातून. तुला दोन महिन्यांत दोनदा धरलं म्हणजे आसपास कुणाकडून तरी येतोय. उष्टं पितेस कुणाचं?"

मी चषकाची गोष्ट सांगितली. काढा, पहिला घोट, काठ पुसायचा नाही, सगळं.

"आणि तुझा नंबर कितवा?"

"आधी दुसरा होता. आता शेवटचा."

"शेवटचा का?"

"माझं त्यांना लागू नये म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अगं पोरी," त्या हळू म्हणाल्या, "म्हणजे अकरा जणींचं उष्टं तू एकटी पीत होतीस."

मला आधी हसू आलं. नंतर असा संताप आला की टेबलाची कड मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. महिनाभर मी मान खाली घालून शेवटी उभी राहिले, ह्यांना माझं लागू नये म्हणून! माझ्याकडून ह्यांना लागण्यासारखं काही नव्हतंच. ह्यांच्याकडूनच मला येत होतं.

त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, मलम दिलं, कोवळं ऊन घे म्हणाल्या. "घसा बरा होईल. ठिपके सामन्यापर्यंत जातील असं वचन मी देत नाही. त्यांना वेळ लागतो. पण ते एका भांड्यातलं पिणं बंद. आणि कुणाचा घसा सारखा बसलेला असेल तर तिला माझ्याकडं घेऊन ये."

'हा त्वचारोग संसर्गजन्य नाही' अशी चिठ्ठी त्यांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिली. ती मी ब्लाउजच्या आत ठेवली.

*

पुढच्या गुरुवारी घशाचा अहवाल आला. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. त्याच दिवशी सरावाला मी सगळं सांगितलं. कोणाचं नाव न घेता. तरी बोलता बोलता माझी नजर एकदा मालनाक्काकडं गेलीच.

हिंदुराव सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "वैजयंता, ही आपली परंपरा हाय."

"सर, परंपरा दहा वर्षांची हाय. माझी कातडी एकोणीस वर्षांची हाय."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. मालनाक्का हसली नाही.

"म्हणजे माझ्या तोंडाचं तुला लागलं म्हणतीस?"

"मी तुझं नाव घेतलं न्हाई."

"नाव कशाला घ्याय पायजे? माझ्याबिगर बारा महिने घसा कुणाचा बसलाय हितं?" तिचा घोगरा आवाज आणखी फाटला. "सगळ्यांनी हात सोडला तवा मी धरला. आन् तू माझ्याच उष्ट्याला नावं ठेवाय लागलीस?"

"तू धरलास म्हणून तर तो शेवटचा घोट पिले, आक्का. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चषक ओढ्यात भिरकावला असता. डॉक्टर म्हणाल्या, तुलाबी घेऊन ये. चल की माझ्यासंगं."

"मला काय धाड भरलीय?" ती जवळ आली. "तो चषक माझ्या घामाचा हाय, वैजू. जन्मात तेवढी एकच गोष्ट मी जिंकलीय. ऐक मग कप्तान म्हणून. सामन्यादिवशी जी चषकातनं पिणार न्हाई, ती मैदानात उतरणार न्हाई."

सर काहीतरी पुटपुटले आणि शिट्टीशी खेळत राहिले. त्यांचा मला आयुष्यात पहिल्यांदा कंटाळा आला.

घरी येऊन मी आईला चिठ्ठी वाचून दाखवली. ती चुलीपुढं बसली होती.

"खरंच म्हणाली डॉक्टरीण? लागत न्हाई?"

"उघड्या हातानं पाठ चोळली माझी तिनं."

आई उठली. हात धुतले. मलमाची ट्यूब माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "फिर." ह्या वेळी चमचा नव्हता. तिची खरबरीत बोटं माझ्या मानेपासून कमरेपर्यंत फिरली, एकेका ठिपक्यावर. लावून झाल्यावर तिने फळीवरून एक खोकं काढलं. लग्नात मामांनी दिलेले बारा स्टीलचे पेले, प्रत्येकावर तिचं नाव कोरलेलं, एकदाही न वापरलेले.

"घेऊन जा," ती म्हणाली. "बघू कोण पीत न्हाई."

*

सामना मार्चच्या पंधरा तारखेला, दुपारी तीनला. ऊन असं की आखलेल्या चुन्याकडं बघवत नव्हतं. समोर आंबेशेतचा संघ. मांडवात जिल्ह्याचे तीन निवडकर्ते वह्या घेऊन बसलेले. माझे ठिपके थोडे फिकट झाले होते, पण होतेच. बापाचा पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट मी अंगात घातला होता. सरांनीच सांगितलं होतं, झाकून ये म्हणून.

मालनाक्काने किटलीतला काढा चषकात ओतला. मी पिशवीतून पेले काढले आणि सतरंजीवर ओळीने मांडले.

"वैजू, बाहेर बस," ती म्हणाली.

"बसत न्हाई."

"मी कप्तान हाय."

"हायस. म्हणूनच काढा तूच ओत. पण माझ्या पेल्यात." मी पेला पुढं धरला. धरूनच ठेवला. "तुझ्या हातचा पीन. जन्मभर पीन. उष्टा पिणार न्हाई."

कोणी हलेना. पंचांनी पहिली शिट्टी मारली. आणि मग लता पुढं आली. तीच लता! खाली वाकून तिने एक पेला उचलला आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"आक्का, मलाबी ह्यातच दे. चार दिस झाले, घसा खवखवतोय माझा. भ्या वाटत होतं सांगाय."

तिच्यामागं दुसरी, तिसरी. बघता बघता सतरंजीवर एकच पेला उरला. मालनाक्का आम्हा अकरा जणींकडं पाहत राहिली. मग तिने चषकातला काढा किटलीत परत केला नाही की सांडलाही नाही. तो ती एकटीच प्यायली, शेवटपर्यंत. किटलीतला आमच्या पेल्यांत ओतला. आणि जर्सीच्या टोकाने चषकाचा काठ पुसून तो पिशवीत ठेवला. काठ पुसताना तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

"चला," एवढंच ती म्हणाली. मला बाहेर बस म्हणाली नाही.

मैदानात उतरलो तर आंबेशेतची कप्तान पंचांपुढं. "त्या पोरीच्या अंगावर रोग हाय. आमच्या पोरी तिला धरणार न्हाईत."

मी चिठ्ठी काढून पंचांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि कप्तानाला म्हणाले, "डॉक्टरांची सही आहे. खेळायचं नसेल तर सांगा, सामना ह्यांना देतो."

तेव्हा मला वाटलं, आता झाकायचं कशाला? मी बापाचा शर्ट काढून सरांच्या अंगावर टाकला. आत बिनबाह्यांची जर्सी होती. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. मांडवातून एक लांबलचक "आऽऽ" आला. येऊ दे, म्हटलं.

पहिल्या चढाईला मी आत गेले आणि आंबेशेतच्या पोरी पाखरं उडावीत तशा फाकल्या. एकीला मी पाठलाग करून हात लावला. दोघी तर माझ्यापासून पळता पळता आपसूक मागच्या रेषेबाहेर गेल्या. तीन गुण! पुढच्या चढाईला दोन. लोक पोट धरून हसत होते. "पळा पळा, आली आली!" मध्यंतरापर्यंत आम्ही नऊ गुणांनी पुढं.

लता उड्या मारत होती. "असंच चालू दे, वैजू! जिंकलो आपण!"

मी मांडवाकडं पाहिलं. निवडकर्त्यांची पेनं बंद होती. जिला कोणी धरतच नाही, तिच्याबद्दल ते वहीत लिहिणार तरी काय? आणि खरं सांगते, निवडीपेक्षाही मला ते हसणं सहन होईना. वर्षभर मी दम घुमवला तो लोकांना पळवून लावायला नाही. मी तडक मध्यरेषेवर गेले.

"ए," मी आंबेशेतच्या पोरींना ओरडले, "तुम्ही कबड्डी खेळाय आलाय का शिवाशिवी? धरा की मला! डॉक्टरनं हात लावला, आईनं लावला, आमच्या आक्कानं लावला. तुमचे हात काय सोन्याचे हायत?"

"वैजू!" मालनाक्का माझ्यामागं येऊन म्हणाली. "फुकट गुण मिळाय लागल्यात, गप बस की."

"फुकटचे नकोत मला."

ती आपल्या जागेवर परत गेली.

आंबेशेतच्या डाव्या कोपऱ्यात एक काटकुळी पोरगी होती. दोन वेण्या, अनवाणी. उत्तरार्धात मी आत गेले तेव्हा बाकीच्या सरकल्या, ही सरकली नाही. हिची नजर माझ्या घोट्यावर. मी पाय टाकला मात्र, तिने झडप घातली आणि माझा घोटा दोन्ही हातांनी असा आवळला की मी तोंडावर आपटले. क्षणभर बाकीच्या थबकल्या. मग एक आली. मग दुसरी. मग सगळ्याच माझ्या अंगावर. कोणाचा हात मानेवर, कोणाचा पाठीवर, कोणाची छाती माझ्या दंडावर, सगळा घाम आणि माती एक झालेली. मी फरफटत मध्यरेषेकडं हात लांबवला. एक वीत राहिली होती. आणि माझा दम तुटला.

थकून नाही तुटला. मला हसू फुटलं. पाच पोरी माझ्या अंगावर पडलेल्या, आणि मी मातीत तोंड घालून खदाखदा हसत होते.

त्यानंतर खरा सामना झाला. दोनदा त्यांनी मला धरलं, तीनदा मी त्यांना ओढत रेषेपर्यंत आणलं. शेवटी दोन गुणांनी आम्ही हरलो. सरांनी कपाळाला हात लावला. लता माझ्याशी बोलेना. तासाभराने निवडकर्त्यांनी बारा नावं वाचली. सहावं आंबेशेतच्या त्या काटकुळ्या पोरीचं होतं. सातवं माझं. मालनाक्काचं नव्हतं.

ठिपके मे महिन्यात गेले. पुढं आयुष्यात तीनदा परत आले, प्रत्येक वेळी घसा धरल्यावरच. मी गोळ्या घेते, मलम लावते आणि अर्ध्या बाह्यांत पोरींना खेळ शिकवते. प्रत्येकीची पाण्याची बाटली वेगळी, आणि साखळीत हात सोडला तर माझ्याकडून दोन धपाटे.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते परतीचं. टेम्पोच्या हौद्यात आम्ही सगळ्या दाटीवाटीने बसलो होतो. मालनाक्का दुसऱ्या टोकाला, मांडीवर पिशवी, पिशवीत चषक. आता ही जन्मात माझ्याशी बोलायची नाही, ह्या विचाराने निवडीचा सगळा आनंद कडू झाला होता. गावाची वेस आली तशी ती उठली, पोरींना ओलांडत आली आणि माझ्याशेजारी बसली.

"ती डॉक्टरीण," घोगऱ्या आवाजात, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "गुरुवारीच बसती का?"

"व्हय."

"वरसभर गिळाय त्रास व्हतोय मला. कुणाला सांगितलं न्हाई. कप्तानानं घसा दुखतो म्हणून रडायचं व्हय?"

मी तिचा हात धरला. घट्ट. आणि टेम्पो थांबेपर्यंत सोडला नाही.